वर्गणीच्या फेरीत जे कळतं, ते वाया जाऊ देऊ नका: नाशिकच्या सार्वजनिक मंडळांना खुले पत्र

प्रिय कार्यकर्त्यांनो,

सस्नेह नमस्कार.

मंडळ गणेशोत्सवाचं असो, शिवजयंतीची किंवा भीमजयंतीची उत्सव समिती असो, श्रावणात कानबाई बसवणारं खान्देशी मंडळ असो, हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. सिडको, सातपूर, पंचवटी, जुनं नाशिक, नाशिकरोड, देवळाली गाव, कुठलेही असा.

वर्गणीसाठी तुम्ही घरोघर फिरता. त्या दहा-पंधरा दिवसांत वस्तीची जी माहिती तुम्हाला होते, ती कुठल्याही सरकारी कार्यालयाकडे नसते. ज्या घरातून दरवर्षी पाचशे एक मिळायचे तिथून यंदा एकावन्न आले. जिथे भाऊ स्वतः दार उघडून चहाला बसवायचे, तिथे लहान मुलीने दार अर्धवट उघडलं, 'पप्पा नाहीत' म्हणाली, आणि आतून पप्पांचा खोकला ऐकू आला. एका खोलीला कुलूप होतं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, भाडं थकलं होतं, गावी गेले. तुम्ही पावती पुस्तक मिटता आणि पुढच्या दारी जाता. कुणाच्या अडचणीचा बोभाटा करत नाही, ही तुमची समज मला मनापासून आवडते. पण त्या अर्ध्या उघड्या दारामागच्या मुलीचं पुढे काय झालं, हे वर्षभर कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षी फेरी येईपर्यंत तिची शाळा सुटलेली असते.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. तुमच्यातले काही जण माझ्या वर्गात बसलेले आहेत, म्हणून हक्काने लिहिते. माझी मागणी अशी आहे: प्रत्येक मंडळाने महिन्यातून एक संध्याकाळ आपल्या वस्तीतल्या अंगणवाडी सेविका, आशाताई, जवळच्या शाळेतले एक-दोन शिक्षक, बचत गटाच्या बाया आणि रेशन दुकानदार यांच्यासोबत बसावं. विषय एकच ठेवावा. या महिन्यात आपल्याकडे कोणतं घर अडचणीत आलंय, आणि त्या घरातल्या मुलांसाठी आपल्यापैकी कोण काय करणार.

एवढ्याने काय होणार, असं वाटेल. म्हणून आधी अडचण घरात कशी शिरते ते सांगते, कारण शिक्षकाला ती फार जवळून दिसते.

सातपूर आणि अंबडचे लहान कारखाने बरेचसे वाहन उद्योगाच्या जिवावर चालतात. २०१९ मध्ये गाड्यांची विक्री घसरली, मोठ्या कारखान्यांनी उत्पादनाला सुट्ट्या दिल्या, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेडमधल्या मशीन थांबल्या. कायम कामगाराचा ओव्हरटाइम गेला. कंत्राटी पोराला ठेकेदाराने 'ब्रेक' दिला. ही मंदी घरात एकदम कोसळत नाही, पायरी-पायरीने उतरते. आधी दूध अर्ध्या लिटरवर येतं, मग पाव लिटरवर. मग शिकवणी बंद. मग शाळेची रिक्षा बंद, मूल पायी यायला लागतं आणि उशिरा पोचतं. मग आई दोन घरची धुणीभांडी धरते, म्हणून लहान भावंडं मोठ्या मुलीच्या अंगावर पडतात. मग फायनान्सवाल्यांचा आठवड्याचा हप्ता थकतो आणि ज्या गटातल्या बायांनी एकमेकींची जामिनकी घेतलेली असते, त्याच दारात येऊन भांडतात. यातलं काहीही पोलीस ठाण्यात नोंदवण्यासारखं नसतं, दवाखान्यात दाखवण्यासारखंही नसतं. त्यामुळे कुठल्याच रजिस्टरमध्ये ते येत नाही.

माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगणार नाही. वडिलांचं काम सुटल्यावर ती दीड-दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायला लागली. बसायची दाराजवळच्या बाकावर, म्हणजे तो रडला की पटकन उठून व्हरांड्यात जाता यावं. दप्तरात एका बाजूला वह्या आणि दुसऱ्या बाजूला त्याची चड्डी आणि पाण्याची बाटली. खिचडी आली की आधी त्याला भरवायची, मग उरलेली आपण खायची. गणितात हुशार होती. पाढे म्हणताना त्याला मांडीवर थोपटत असायची आणि थोपटण्याची लय पाढ्याला जुळलेली असायची. आईला बोलावलं. ती कामावरून तशीच आली, हात ओलेच. म्हणाली, "बाई, शाळा नको असं मी म्हणत नाही. पण धाकल्याला कोण पाहील?"

तिच्या घरापासून जवळच अंगणवाडी होती. पण अंगणवाडीत गरम आहार आणि बालवाडी असते ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याहून लहानांना घरी न्यायचा शिधा मिळतो, दिवसभर सांभाळायला ती जागा नसते. शेजारच्या गल्लीत एका मंडळाचं पक्कं कार्यालय होतं, पंखा, नळ, सतरंज्या सगळं असलेलं. उत्सवाचे दिवस सोडले तर त्याला कुलूप असायचं. दोन गल्ल्या पलीकडे एक आजी राहायच्या. मुलगा-सून पुण्याला. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायच्या, जरा बस म्हणायच्या. मुलगी, भाऊ, खोली, आजी, सगळे पाच मिनिटांच्या अंतरावर. त्यांना एकत्र बसवणारं मात्र कुणी नव्हतं. मला हे आजही सलतं आणि या पत्राचं मूळ तिथेच आहे.

शहराबाहेरचं चित्र आणखी कठीण आहे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, ओझरकडची मंडळंही हे पत्र वाचतील अशी आशा आहे. सुरगाणा, पेठ, हरसूल, त्र्यंबककडची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात खाली उतरतात. गिरणाऱ्याला भल्या सकाळी मजुरांचा बाजार भरतो, तिथून टोळ्या बागांवर जातात. ऑक्टोबरच्या छाटणीपासून विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), काढणी असं काम मार्चपर्यंत चालतं. बागेच्या कडेला पाल किंवा पत्र्याची खोली, आणि बरोबर लेकरं. आता २०२३ चा हिवाळा आठवा. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गारपिटीने बागा झोडपल्या. पंधरवडाही उलटला नाही तोच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कांद्याची निर्यातबंदी आली, आणि ती उठायला मे २०२४ उजाडला. बागायतदाराचं नुकसान झालं हे आपण सगळे बोललो. लासलगावचे कांद्याचे भाव रोज पेपरात आले. पण बाग गेली की त्या बागेवर उचल घेतलेल्या टोळीचं काय होतं? उचल फिटत नाही, परत जायला पैसे नाहीत, आणि गावातल्या शाळेच्या पटावर नाव असलेलं मूल इथे दगड खेळत असतं.

अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला गावच्या शाळेने ते द्यायचं आणि जिथे जाईल तिथल्या शाळेने त्यावर त्याला बसवून घ्यायचं. अंगणवाडीचा आहार तर तिथे राहत असलेल्या कुठल्याही पात्र बालकाला, गर्भवतीला, स्तनदा मातेला मिळायला हवा, मग ती कुठल्याही तालुक्यातली असो. पण पालावर लेकरं आली आहेत हे सेविकेला सांगणार कोण? बागायतदार आपल्या कामात आणि मुकादम हजेरीत गुंतलेला असतो. मंडळाचा एखादा पोरगा रोज त्याच रस्त्याने मोटारसायकलवरून जातो, त्याला पाल दिसतं. त्याने थांबून विचारावं आणि अंगणवाडीत सांगावा द्यावा, एवढीच अपेक्षा आहे.

तुम्ही म्हणाल, हे सरकारचं काम आहे. आहेच. आणि सरकारने त्यासाठी बरंच काही करूनही ठेवलंय, हे तुम्हाला माहीत असायला हवं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, आपल्या अंगणवाड्या तिच्यातूनच उभ्या राहिल्या. शाळेत पहिली ते आठवीपर्यंत दुपारचा आहार आहे. शिक्षण हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं सांगितलं. गावात आणि शहरातल्या प्रभागात बाल संरक्षण समिती असावी, तिने अडचणीतली मुलं शोधावीत, हेसुद्धा केंद्राच्या योजनेत २००९ पासून लिहिलेलं आहे. आता तीच योजना मिशन वात्सल्य नावाने चालते. म्हणजे मी जी बैठक मागते आहे, ती सरकारने कागदावर आधीच मांडलेली आहे. खुर्च्या मांडायच्या राहिल्या आहेत. मांडव घालणं, खुर्च्या मांडणं, माणसं गोळा करणं यात तुमचा हात कुणी धरू शकत नाही.

आता एक योजना जरा खोलात सांगते, कारण तिच्यात तुमचा उपयोग सगळ्यात जास्त आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील वारलेले, दोघेही नसलेले, पालक गंभीर आजारी असलेले, घटस्फोटात किंवा तुरुंगवासात घर मोडलेले, अशा मुलांना अठरा वर्षांपर्यंत दरमहा मदत मिळते. २०२३ मध्ये ती रक्कम १,१०० वरून २,२५० रुपये झाली. दोन मुलं असलेल्या विधवा आईला महिन्याला साडेचार हजार. खोलीचं भाडं आणि किराणा यातलं एक तरी निघतं. पण या पैशापर्यंत पोचायला काय लागतं ते पाहा. मृत्यूचा दाखला, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, आधार, बँकेचं पासबुक, घरासमोर मुलांना उभं करून काढलेला फोटो. मग अर्ज महिला व बाल विकास कार्यालयात, मग गृहचौकशी, मग बाल कल्याण समितीचा आदेश. प्रत्येक कागदाला एक खाडा. रोजंदारीवर जाणारी बाई किती खाडे करणार? तिसऱ्या चकरेला ती म्हणते, राहू दे. पतीच्या मृत्यूचा दाखला दवाखान्याच्या गावचा निघायचा असतो, तिथवर जाण्यातच तिचा आठवडा मोडतो. मोबाइल नंबर आधारला जोडलेला नसतो, तो नंबर नवऱ्याचा होता आणि रिचार्ज संपून बंद झालेला असतो.

हे सगळं तुमच्या मंडळातल्या बी.कॉम.च्या पोराला एका आठवड्यात जमतं. त्याला सेतू केंद्र माहीत आहे, तिथला माणूस ओळखीचा आहे, गाडी आहे, फॉर्म ऑनलाइन भरता येतो. त्या बाईला तुम्ही शिध्याची पिशवी दिलीत तर आठवडा जाईल. हा अर्ज पूर्ण करून दिलात तर तिची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत पैसे येत राहतील. दोन्हीची गरज असते, पण दुसरं काम कुणी करत नाही.

तुमच्यात ही ताकद आहे हे मी २०२० मध्ये डोळ्यांनी पाहिलंय. मार्च ते मे, मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसांची रांग चालली होती. कसारा घाट चढून आलेल्या बाया, खांद्यावर लेकरं, पायांत फाटक्या चपला. तेव्हा नाशिकच्या पोरांनी रस्त्यावर पाणी ठेवलं, जेवणाची पाकिटं केली, चपला गोळा करून वाटल्या. गुरुद्वारांचे लंगर चालले, मशिदींतून जेवण गेलं, मंडळांनी उत्सवाचे पैसे शिध्याला वळवले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आपल्याच शहरात रुग्णालयातल्या ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून बावीसहून अधिक रुग्ण गेले, तेव्हाही बेड आणि सिलिंडर शोधत रात्ररात्र फोनवर असलेली पोरं मंडळांचीच होती.

पण त्याच काळात एक गोष्ट सगळ्यांनाच जाणवली. एका गल्लीत तीन वेळा शिधा पोचला आणि मागच्या चाळीत एकदाही नाही. पाकिटांत तांदूळ आला, पण तान्ह्या बाळाला दूध नव्हतं. कुठल्या घरात गरोदर बाई आहे, हे आशाताईंच्या वहीत होतं, पण वाटणाऱ्यांनी आशाताईंना विचारलं नाही. धान्य पुरेसं होतं, फक्त माहिती आणि मदत एकमेकींना भेटल्या नाहीत. संकट ओसरलं, आणि ते जाळंही विरून गेलं. नोकरी जाणं, बाप आजारी पडणं, पीक जाणं ही संकटं मात्र दर महिन्याला कुणाच्या तरी घरी येतात. त्यांची बातमी होत नाही एवढाच फरक.

बैठकीत बायांना मान द्या, हे मला ठासून सांगायचंय. मंडळात बहुतेक पुरुष असतात, अध्यक्षांच्या शेजारी कोण बसणार यावर वाद होतात. या बैठकीत पहिलं बोलणं अंगणवाडी सेविकेचं असावं. कुठल्या मुलाचं वजन दोन महिन्यांत वाढलं नाही, हे तिला ठाऊक असतं. ४ डिसेंबर २०२३ पासून जवळपास दोन महिने राज्यभरातल्या सेविका आणि मदतनीस मानधनवाढीसाठी संपावर होत्या. लेकरांचा आहार थांबला. तेव्हा आपल्यापैकी कितीजण त्यांच्या मंडपात जाऊन बसले? त्या बाया आपल्या मुलांसाठी राबतात, तर त्यांच्या मागण्यांसाठी वस्तीने उभं राहायला हवं. बचत गटाच्या बायांना कर्जाची खरी स्थिती माहीत असते. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंना विचारा. कोणतं मूल सोमवारी जास्त वाढून मागतं हे त्या सांगतील, कारण रविवारी घरी पोटभर मिळालेलं नसतं.

आणि मे महिना. शाळेला सुट्टी लागली की खिचडीही बंद होते, ती पार जूनच्या मध्यापर्यंत. श्रीमंतांच्या मुलांची शिबिरं सुरू होतात, वस्तीतल्या मुलांचं एक वेळचं जेवण तुटतं. शाळा उघडल्यावर माझ्या वर्गातली काही मुलं बारीक होऊन यायची, हे मी वर्षानुवर्षे पाहिलंय. मंडळाच्या कार्यालयात सुट्टीतले ते आठवडे दुपारचं जेवण, जोडीला पुस्तकं आणि कॅरम, एवढं जरी चाललं तरी मोठा आधार होईल. ढोल पथकाचा सराव तुम्ही दोन-दोन महिने नेमाने करता. त्या नेमाची मला खात्री आहे.

पाळणाघराचं लगेच जमेलच असं नाही. त्याला जागा हवी, भरवशाची बाई हवी, तिला पगार द्यायला हवा, फुकटात राबवून घेऊ नये. पण तुमचं कार्यालय रिकामं आहे आणि वस्तीत कामावर जाणाऱ्या आया आहेत, तर त्या दिशेने बोलणं तरी सुरू करा. आयांनी थोडे पैसे द्यावेत, मंडळाने वर्गणीतला वाटा घालावा. किती वाटा, हे तुम्ही ठरवा. अहवालात मात्र तो वेगळा दाखवा, म्हणजे वर्गणीदारांनाही कळेल.

काही ठिकाणी फार जपून वागायचं आहे, आणि इथे मी बाई म्हणून कडक बोलणार आहे.

कुणाच्याही घराची गोष्ट चौकात जाता कामा नये. मदत देतानाचा फोटो नको, स्टेटस नको, फ्लेक्सवर मुलांचे चेहरे तर अजिबात नकोत. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या पोराचा फोटो शिध्याच्या पिशवीसोबत व्हॉट्सअॅपवर फिरला, त्याला दुसऱ्या दिवशी वर्गात काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे. बैठकीत वही ठेवायची असेल तर ती एकाच जबाबदार बाईकडे राहू द्या, आणि त्यात नावांऐवजी खुणा ठेवा.

मुलावर हात टाकल्याची, लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर मंडळात बसून 'मिटवायची' नाही. दोन्हीकडच्यांना बोलावून समजूत घालायची नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ज्याला असा गुन्हा समजला, त्याने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर मंडळाच्या फलकावर कायम लिहिलेला असू द्या, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

तिसरी गोष्ट बालविवाहाची. घर अडचणीत आलं की मुलीचं लग्न लवकर उरकतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास तर फार. जबाबदारी कमी होते, एक तोंड कमी होतं, असा त्या आई-बापांचा हिशोब असतो, आणि तो दुष्टपणातून आलेला नसतो. २००६ च्या कायद्याने मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण हवं. असं लग्न लावणाऱ्याला आणि त्याला हातभार लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मांडववाले, बँडवाले, आचारी, भटजी सगळे तुमच्या ओळखीचे. त्यांना सांगून ठेवा: ऑर्डर घेताना मुलीचा जन्मदाखला पाहा. पण लग्न थांबवून तिथेच सोडून देऊ नका. ज्या कर्जामुळे किंवा ज्या भीतीमुळे ते लग्न ठरलं होतं, तिच्यावर पुढच्या बैठकीत काम करा, नाहीतर चार महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यात गुपचूप अक्षता पडतील.

मंडळामंडळांत पक्ष आहेत, जाती आहेत, जुनी भांडणं आहेत. मी याच शहरात वाढले, मला ते माहीत आहे. माझी विनंती एवढीच, की या एका संध्याकाळी बॅनर लावू नका. एकाच वस्तीत तीन मंडळं असतील तर तिघांनी मिळून एकच बैठक घ्यावी, आज याच्या कार्यालयात, पुढच्या महिन्यात त्याच्या. गाडगेबाबांनी या शहरात धर्मशाळा बांधली, ती येणाऱ्याला तू कुठला असं विचारण्यासाठी नव्हे. आणि १९३० मध्ये काळाराम मंदिरासमोर सत्याग्रहाला बसलेली माणसंही याच मातीतली, आपल्या मुलांना मानाने जगता यावं म्हणून बसलेली. आपल्या शहराच्या खात्यावर हे जमा आहे.

सिंहस्थ जवळ आलाय. रस्ते, घाट, पूल यांची कामं निघतात, तसे बाहेरगावचे मजूर येतात आणि त्यांची लेकरं खडीच्या ढिगाऱ्यावर खेळतात. यात्रेकरूंच्या सेवेसाठी तुम्ही नावं नोंदवाल, मंडप घालाल, हे नक्की. ज्यांनी तो घाट बांधला, त्यांच्या लेकरांसाठी जवळच्या अंगणवाडीला एक निरोप देण्याचं काम त्यातच धरा.

महापालिका आणि जिल्हा परिषदेतले अधिकारी हे पत्र वाचत असतील तर त्यांनाही दोन शब्द. मंडळांची पोरं बैठकीला बोलावतील तेव्हा प्रभागातल्या अंगणवाडी पर्यवेक्षिकेला येऊ द्या, तो वेळ तिच्या कामाचा म्हणून धरा. प्रभागाची बाल संरक्षण समिती कुठे आहे, तिचे सदस्य कोण, हे विभागीय कार्यालयाच्या भिंतीवर लावा. बैठकीतून आलेल्या अर्जाला पोच द्या आणि काय अडलंय ते सांगा. पोरं उत्साहाने येतात. दोनदा टोलवाटोलवी झाली की परत येत नाहीत.

पहिली बैठक मोठी करू नका. सात-आठ माणसं पुरेत. संध्याकाळी साडेसातनंतर घ्या, म्हणजे कामावरच्या बाया येऊ शकतील, आणि तासाभरात आटपा, कारण त्यांना घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो. एकच घर निवडा. त्या घराला काय लागतं ते विचारा, त्यांच्या घरी जाऊन, चपला बाहेर काढून, दोनच जणांनी, त्यातली एक बाई. मग कामं वाटून घ्या: दाखला कोण आणणार, शाळेत कोण बोलणार, दुकानदाराची उधारी महिनाभर थांबवायला कोण सांगणार. पुढच्या महिन्यात त्याच घराचं काय झालं ते आधी बोला, आणि मगच दुसरं घर घ्या.

अर्ज भरायला, मुलांना सुट्टीत शिकवायला, किंवा नुसतं बैठकीत बसून कुठला कागद कुठे लागतो ते सांगायला मी आणि माझ्या काही निवृत्त मैत्रिणी तयार आहोत. सिडको आणि सातपूरच्या मंडळांनी तर नुसती हाक मारावी. पहिल्या बैठकीची तारीख ठरली की जवळच्या महापालिकेच्या शाळेत निरोप ठेवा, तो माझ्यापर्यंत पोचतो.

तुमची,
महापालिका शाळेतील एक निवृत्त शिक्षिका
सिडको, नाशिक